निळ्या रेघांची चादर

संडासातल्या टाकीचं बटण दाबलं आणि पाणी खाली जायचं सोडून वर यायला लागलं. भांड्याच्या कडेपर्यंत आलं, तिथे जरा थबकलं, घरात यावं की नको याचा विचार करत असल्यासारखं, आणि मग अगदी नाइलाजानं थोडंसं उतरलं. वन्सं भिंतीला पाठ लावून उभ्या होत्या. त्यांच्या पायांना अजून काही लागलं नव्हतं, तरी त्यांनी बोटं आत मुडपून घेतली होती.

"काय टाकलंत?" स्वयंपाकघरातून वहिनीचा आवाज आला.

काय झालं, असं नाही विचारलं. काय टाकलंत. वन्संनी दाराची कडी काढली नाही. तशाच उभ्या राहून त्यांनी तो प्रश्न मनातल्या मनात उलटासुलटा करून पाहिला, पूर्वी शर्टाची बाही उलटून आतली शिवण बघायच्या तसा. पाण्याचा आवाज नेहमीपेक्षा वेगळा आला हे स्वयंपाकघरापर्यंत ऐकू गेलं असेल, मान्य. पण तुंबलंय हे तिला कसं कळलं? आणि तुंबलंय ते कुणीतरी काहीतरी टाकल्यामुळे, हे कसं कळलं? वापरून वापरून पाइप भरतात, आपोआप तुंबतात. उत्तर आधीच तयार असल्याशिवाय माणूस असा प्रश्न विचारत नाही.

"काही टाकलं नाही," त्या दारातूनच म्हणाल्या. "मी काय टाकणार?"

"मग आपोआप तुंबलं असेल," वहिनी म्हणाली, आणि भांडी पुन्हा वाजायला लागली. तेही जरा जास्तच जोरात.

वन्सं हे त्यांचं नाव नव्हे. वहिनी लग्न होऊन या घरात आली तेव्हा नवऱ्याच्या बारा-तेरा वर्षांच्या बहिणीला ती वन्सं म्हणायला लागली, शिवाय तुम्ही, आणि परकर सावरत धावणाऱ्या पोरीला त्या तुम्हीचं फार अप्रूप वाटलं होतं. पुढे लग्न जमलं नाही, कारखान्यात नोकरी लागली, आईवडील गेले, दादा गेला, आणि वहिनीच्या हाका ऐकून ऐकून जिन्यातले शेजारी, दूधवाला, इस्त्रीवाला, सगळेच त्यांना वन्सं म्हणू लागले. खरं नाव आता फक्त दवाखान्यात पुकारलं जाई आणि ते ऐकून वन्सं इकडेतिकडे बघत, कोण बाई आहे म्हणून. त्या मात्र वहिनीला तूच म्हणत. ती पाच-सहा वर्षांनी मोठी, पण धाकटी तू म्हणते आणि थोरली तुम्ही म्हणते, असं ते उलटं जे बसलं ते बसलंच. आता दोघींची सत्तरी उलटली होती. घरात दोन खोल्या, एक स्वयंपाकघर, एक संडास. घर दादाचं, म्हणजे आता वहिनीचं, म्हणजे उद्या तिच्या मुलाचं. तो दूर देशात असतो, रविवारी फोन करतो. "हे घर तुझंही आहे," असं दादा म्हणाला होता, पण तोंडानं. आणि ऐकायला तेव्हा तिसरं माणूस म्हणजे वहिनीच होती.

गेले काही महिने वन्संना घरात कसलातरी वास येत होता. नाकाला येणारा नव्हे. कारखान्यात तपासणीच्या टेबलावर जन्म गेला, शर्टांचे गठ्ठे येत, त्या एकेक शर्ट उचलत, आणि दोष दिसायच्या आधीच हाताला कळे की या गठ्ठ्यात काहीतरी आहे. तसंच. वहिनी दुपारी पिशवी घेऊन भाजी आणायला जाई आणि पिशवी रिकामीच घेऊन परत येई. "काही चांगलं नव्हतं," म्हणे. रोज? संडासात जाऊन बसली की बाहेर यायचं नाव नाही, आणि आतून नळ चालू. मुलाचा फोन आला की गॅलरीत जायची. एकदा वन्सं कपडे वाळत घालायच्या निमित्तानं दारापर्यंत गेल्या तेव्हा कानावर आलं, "आत्ता नको येऊस, मी सांगेन तेव्हा ये." मी सांगेन तेव्हा. म्हणजे कधी? कशाची वाट बघायची होती? गेल्याच्या गेल्या रविवारी भाच्यानं त्यांना विचारलं होतं, "आत्या, तुला जिने चढवतात ना गं अजून?" तेव्हा त्या हसून म्हणाल्या होत्या, "मला चढवतात, तुझ्या आईला विचार." पण रात्रभर तो प्रश्न कुशीत खुपत राहिला. जिने चढवत नाहीत अशा बायकांसाठी गावाबाहेर संस्था असतात. बाग असते, वेळेवर जेवण असतं, एका खोलीत चार खाटा असतात.

आणि कपाटातली चादर नाहीशी झाली होती. निळ्या रेघांची, जुनी, सुती, धुऊन धुऊन सायीसारखी मऊ झालेली. वन्संनी विचारलं तर वहिनी म्हणाली, "कुठली चादर?" अशी चादर कधी नव्हतीच अशा थाटात. त्याच चादरीवर दादा आजारी असताना झोपायचा, आणि ती म्हणते कुठली चादर. त्या दिवसापासून वन्संनी मनाशी ठरवलं की वहिनी घर हळूहळू रिकामं करतेय. मोठ्या वस्तूंना हात लावला तर बोभाटा होईल, म्हणून सुरुवात चादरीपासून. मग त्या रोज सकाळी कचऱ्याचा डबा खाली न्यायच्या आधी नीट बघायला लागल्या. ओला वेगळा, सुका वेगळा करायचं निमित्त होतंच. कारखान्यातही त्या चिंध्यांचा डबा बघायच्या. पोरी त्यांना एक्स-रे म्हणत, पाठीमागे, आणि कधी कधी तोंडावरही. "आला एक्स-रे, पोट आत घ्या गं!" वन्संना त्याचा राग नव्हता, उलट गंमत वाटे. डब्यात चहाची पत्ती, भाजीची देठं, औषधाची रिकामी पाकिटं, वहिनीचे विंचरलेले पांढरे केस. संशय घ्यावा असं काही नाही. आणि नेमकं त्याचाच त्यांना जास्त संशय यायचा.

त्या बाहेर आल्या. वहिनी ओट्यापाशी पाठमोरी उभी होती.

"प्लंबरला फोन लावते," ती म्हणाली.

"लाव की."

फोनवर प्लंबर म्हणाला, आज जमणार नाही, उद्या बघतो, भांडंच उचलून काढावं लागेल कदाचित. तो इतका मोठ्यानं बोलला की वन्संनाही ऐकू गेलं. वहिनीनं फोन ठेवला आणि तिचा चेहरा कसा झाला ते वन्संनी अगदी टिपून घेतलं. संडास तुंबला म्हणून कुणाचा चेहरा असा होत नाही.

"उद्यापर्यंत शेजारी जाऊ," वहिनी म्हणाली.

"शेजारी? या वयात लोकांच्या दारात टॉवेल घेऊन उभी राहू? मला नाही जमायचं. मी बघते काय ते."

"तुम्ही काही बघू नका!" वहिनी एकदम म्हणाली. मग आवाज खाली आणून, "गुडघे आहेत का तुमचे वाकायला? पडाल तिथे. हात लावू नका म्हणजे नका. मी जाऊन येते, दुकानावर कोणी मिळतंय का बघते. मिळाला तर आत्ताच घेऊन येते."

"फोनवर नाही म्हणालाय ना तो?"

"समोर गेलं की नाही म्हणता येत नाही माणसाला," असं म्हणून तिनं चपला घातल्या. पिशवी घेतली नाही. जिना उतरताना ती कठड्याला धरून उतरतेय, प्रत्येक पायरीवर जरा थांबतेय, हे वन्सं वरून बघत होत्या. जिने कोणाला चढवत नाहीत ते दिसतंय, त्यांच्या मनात आलं, आणि त्या विचाराची त्यांना थोडी लाज वाटली. फार नाही.

दार लावून घेतल्यावर त्यांना वाटलं, हात लावू नका असं ती का म्हणाली असेल? गुडघ्यांची काळजी? इतकी वर्षं गुडघे होतेच. तिला प्लंबर हवाय म्हणजे साक्षीला माणूस हवाय. तो भांडं उचलणार, आतून काहीतरी काढणार, आणि वहिनी म्हणणार, बघा, ह्यांनी टाकलं, ह्यांना हल्ली कळत नाही. मग रविवारच्या फोनवर तेच. काय निघेल आतून? आपलं काय हरवलंय हल्ली? वन्सं आपल्या खोलीत जाऊन बघून आल्या. चष्म्याचं घर होतं, दातांची डबी होती, रुमाल जागच्या जागी. नाही म्हणायला एक पायमोजा जोडीतून कमी होता. एक पायमोजा! आपणच तर नाही ना टाकला? माणूस विसरतं ते विसरलंय हेही विसरतं. त्या पलंगाच्या कडेवर बसल्या. ही खोली. खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत आणि त्या भिंतीतला एकच झरोका दिसतो. तिथे कबुतरं भांडतात. दुपारचं ऊन पलंगाच्या पायापाशी येऊन थांबतं, वर चढत नाही. नोकरी लागली तेव्हा घेतलेलं शिवणयंत्र कोपऱ्यात. दुसरं काही नाही, पण हे सगळं सोडून चार खाटांच्या खोलीत जायचं म्हटलं की त्यांच्या छातीत काहीतरी वर यायचं आणि अडायचं. प्लंबर यायच्या आत पाइप मोकळा झालाच पाहिजे. आत जे असेल ते आधी आपल्या हाती लागलं पाहिजे.

गॅलरीत जुना रबरी पंप होता. त्याचा रबर वाळून टणक झालेला, भांड्याच्या तोंडावर धड बसेना, कडेनं हवा सुटायची आणि नुसता फस् फस् आवाज यायचा. वन्संनी एक जुनं फडकं ओलं करून पंपाच्या कडेला गुंडाळलं. आता तो बसला. त्यांनी दोन्ही हातांनी दाबला, ओढला, दाबला. पाणी खालीवर झालं, गढूळ झालं, उतरलं नाही. मग पातेल्यात पाणी तापवलं, फार कढत नाही, नाहीतर भांडं तडकतं. त्यात भांडी घासायचा साबण ओतला आणि पातेलं छातीशी धरून वरून धार सोडली. वाफ अंगावर आली. त्या वाफेत साबणाचा लिंबाचा वास आणि खालचा तो दुसरा वास. त्या तोंडानं श्वास घेत राहिल्या. आईच्या शेवटच्या आजारात सगळं वहिनीनंच केलं होतं. भांडं देणं, नेणं, पुसणं. वन्संना वास सहन व्हायचा नाही, त्या कारखान्यात जादा वेळ थांबायच्या आणि घरी आल्यावर विचारायच्या, "आज कशी आहे?" वहिनी म्हणायची, "बरं आहे, तुम्ही जेवून घ्या." त्यात टोमणा होता का? तेव्हा वाटलं नव्हतं. आता वाटलं.

साबणाच्या पाण्यानंही काही झालं नाही. मग त्यांना हँगर आठवले. कारखाना सुटताना त्यांनी तारेचे हँगर आणले होते, गठ्ठाच. त्यातला एक उचलून त्यांनी पक्कडीनं सरळ केला, टोकाला बारीक आकडा वळवला, भांड्याला ओरखडे जाऊ नयेत म्हणून आकड्याच्या मागे चिंधी बांधली. हातमोजे चढवले, पायपुसणं दुमडून गुडघ्यांखाली घेतलं आणि बसल्या. तार आत गेली, वळणावर अडली, फिरवली, पुढे गेली. आणि मग ते हाताला लागलं. दगड नव्हे, प्लास्टिक नव्हे. मऊ, पण न हटणारं. तारेतून बोटांपर्यंत आलेलं ते वन्संना लगेच ओळखू आलं, कारण त्यांच्या बोटांनी दुसरं काही ओळखायचं कामच कधी केलं नव्हतं. ते कापड होतं.

म्हणजे पायमोजाच. त्यांनी डोळे मिटले, आकडा फिरवून अडकवला आणि ओढला. एकदा सुटला. पुन्हा अडकवला. आतून एक ओली ओढ लागली, मग एकदम ढिली पडली, आणि भांड्याच्या तोंडातून काहीतरी लांबट, करडं, फुगलेलं बाहेर आलं. पाठोपाठ दुसरं. पाण्यानं मोठा घोट घेतल्यासारखा आवाज केला आणि सगळं खाली गेलं. भांडं रिकामं, पांढरं, निर्लज्जपणे स्वच्छ.

वन्संनी ते बादलीत टाकलं, वरून पाणी सोडलं आणि बघितलं. पायमोजा नव्हता. धुतल्यावर त्यातून निळी रेघ वर आली. मग आणखी एक.

चादर! पहिला विचार हाच की, सापडली. दुसरा असा की, हिनं मुद्दाम माझ्यावर घालायला टाकली, आणि त्याचा त्यांना चक्क आनंद झाला, कारण इतक्या महिन्यांनी काहीतरी हाताला लागलं होतं. पण कापड फाडून कोंबलेलं नव्हतं. नीट कापलेलं होतं. लांबट घडी, तीवर आडवी घडी, आणि दोन्ही टोकांना घडी सुटू नये म्हणून पांढऱ्या दोऱ्याचे दोन टाके, एकमेकांवर फुलीसारखे. आणि मधोमध डाग. तेलाचा डाग पसरतो, गंजाचा डाग कडेला गडद होतो. पाण्यात राहून फिकटलेल्या ह्या डागाकडे बघायला वन्संना तपासनीस असण्याची गरज नव्हती. तो प्रत्येक बाईला कळतो.

अशा टाक्यांची घडी त्यांना वहिनीनंच शिकवली होती. त्या तेव्हा न्हाणीघरात दार लावून रडत बसल्या होत्या, आपण मरणार असं वाटून. आईला सांगायची सोय नव्हती, आई असल्या गोष्टींना नुसती तोंड फिरवायची. लग्न होऊन जेमतेम वर्ष झालेली वहिनी दाराबाहेर येऊन हळूच म्हणाली, "वन्सं, उघडा. मला माहितीय काय झालं ते. कोणी मरत नाही त्यानं." मग तिनं आपलं जुनं कापड कात्रीनं कापलं, घडी घातली, सुईनं टाके घालून दाखवले. "असे घातले की चालताना सरकत नाही. माझं मी शोधून काढलंय. कुणाला सांगू नका हं, नाहीतर सगळ्या करतील." आणि दोघी हसल्या होत्या, वन्सं नाक ओढत ओढत. दोघींची कापडं टॉवेलाखाली एकाच दोरीवर वाळायची. दुसऱ्या कुठल्या बाईनं अशी फुली घातलेली वन्संनी जन्मात पाहिली नाही.

त्या तिथेच बसून राहिल्या. गुडघ्यांत कळा येत होत्या, पण उठावंसं वाटेना. वहिनीची पाळी जाऊन किती काळ लोटला. भाचा कॉलेजात होता तेव्हाची गोष्ट. "सुटले बाई," असं म्हणून तिनं त्या दिवशी गोड केलं होतं आणि दादाला कारण सांगितलं नव्हतं. आता हे पुन्हा. चादर जाऊन महिने झाले. म्हणजे महिने. रिकामी पिशवी, आतून चालू नळ, कठड्याला धरून उतरणं, एकेक गोष्ट आता त्यांच्यापुढे येऊन उभी राहिली. सगळं बघितलं होतं त्यांनी, एकही सुटलं नव्हतं. फक्त गठ्ठा कुठला, तेवढंच चुकलं होतं.

पण संडासात का? शहाणी बाई, आयुष्यात नळ गळका ठेवला नाही तिनं. कागदात गुंडाळून डब्यात टाकलं असतं तर. हा प्रश्न मनात पुरता व्हायच्या आतच वन्संना कारखान्यातला तो दिवस आठवला. बायकांचे संडास तुंबले होते. सफाईवाल्यानं काठीवर कॉलरींचं ओलं लेंडोळं उचलून आणलं आणि त्यांच्या टेबलासमोर धरलं. बिघडलेल्या कॉलरी. चिंध्यांच्या डब्यात टाकल्या तर एक्स-रे काढून बघतो, म्हणून पोरींनी तिकडे टाकल्या. "बाई, ह्या तुमच्या भीतीनं आत गेल्या हो," तो म्हणाला होता, आणि सगळा विभाग हसला होता. वन्संही हसल्या होत्या.

जिन्यावर पावलं वाजली. एकाच माणसाची. किल्ली फिरली.

"दुकानच बंद आहे," वहिनी दारातूनच म्हणाली, आणि मग तिला संडासाचं उघडं दार दिसलं, तार दिसली, बादली दिसली. ती बादलीकडे बघत राहिली. "सांगितलं होतं ना हात लावू नका म्हणून?"

"किती दिवस चाललंय हे?"

"कसलं काय?"

"वहिनी."

वहिनी भिंतीला धरून स्वयंपाकघरातल्या स्टुलावर जाऊन बसली. "या वयात मी पुन्हा पोरगी झाले म्हणायचं," ती म्हणाली आणि हसायला गेली.

"ही पाळी नाही, तुलाही माहितीय."

"मला शिकवताय? मी शिकवलंय तुम्हाला."

"मग डॉक्टरकडे का गेली नाहीस?"

"जाते की. रोज दुपारी जाते. समोरच्या बाकावर बसते. बायका आत जातात, बाहेर येतात, ते बघते. कोणाचा चेहरा कसा होतो ते. मग येते परत." ती नखानं टेबलावरचा डाग खरवडत होती. "भीती वाटते हो."

मग तीच पुढे म्हणाली, "त्याला कळलं तर लगेच येईल. मला घेऊन जाईल तिकडे. घर काढून टाकेल. मग तुम्ही काय करणार? म्हणून म्हटलं, जितकं ढकलता येईल तितकं ढकलावं."

वन्संच्या आत काहीतरी हललं आणि त्याच क्षणी दुसरं काहीतरी सावध झालं. हे खरं असेल का? की भीतीला असं चांगलं कापड घालून आणलंय? माझ्यासाठी मरत होते म्हणे. उद्या ही गेली तर हे वाक्य घेऊन मी जगायचं? कोणत्या बाजूनं बघितलं की खरी शिवण दिसेल ते त्यांना कळेना. कदाचित दोन्ही बाजू खऱ्याच असतील.

"माझ्या नावावर खपवू नकोस," त्या म्हणाल्या. आवाज पाहिजे होता त्यापेक्षा कडक निघाला.

"बरं, नाही खपवत. उद्या जाऊ डॉक्टरकडे. दोघी जाऊ. पण त्याला सांगायचं नाही. मला वचन द्या."

"उद्या?"

"उद्या नाहीतर परवा. आता इतके दिवस गेले, त्यात काय."

"बरं," वन्सं म्हणाल्या.

वहिनी उठून न्हाणीघरात गेली, आणि नळ सुरू झाला. वन्सं स्वयंपाकघरात उभ्या होत्या. बरं, असं त्या म्हणाल्या होत्या. इतक्या सहज कसं तोंडातून निघालं ते? आयुष्यभर दुसऱ्याच्या बोलण्यातली शिवण उसवून बघितली, आता त्यांनी स्वतःचा तो एक शब्द उलटून बघितला. उद्या म्हणजे उद्या ही खोली आहे. परवा आहे. वहिनी ढकलत राहील आणि मी वचन दिलंय म्हणून गप्प राहीन. कबुतरं भांडत राहतील, ऊन पलंगाच्या पायापाशी येईल. कोणी मला दोष देणार नाही. वहिनीनं काय केलं असेल याचा विचार करण्यात त्यांचे सगळे महिने गेले होते. आपण काय करू शकतो हे त्यांनी आत्ता पहिल्यांदा बघितलं.

त्यांनी फोन उचलला. तिकडे काय वाजले असतील ते त्यांना कधीच सांगता येत नसे.

"आत्या?" भाच्याचा आवाज झोपेतला होता. "काय झालं? आई बरी आहे ना?"

"तू ये," वन्सं म्हणाल्या. "आईला बरं नाही. तिला रक्त जातंय. कित्येक महिने. ती डॉक्टरकडे जात नाही."

नळ बंद झाला होता. ते त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. वहिनी दारात उभी होती, हात ओले, आणि पुढच्या क्षणी फोन तिच्या हातात होता.

"काही नाही रे," ती इतक्या साध्या, इतक्या प्रसन्न आवाजात म्हणाली की वन्सं बघतच राहिल्या. "काही झालेलं नाही मला. तू झोप. अरे, ह्यांचं हल्ली असंच असतं. भास होतात. संडास तुंबला सकाळी, तर तिथे रक्त दिसलं म्हणे. मी सांगणारच होते तुला. डबे उपसत बसतात, माझ्या पाळतीवर असतात. वय झालं, दुसरं काय."

हेच. इतके महिने वन्सं ज्याची वाट बघत होत्या ते हेच, शब्दाला शब्द. त्यांच्यासमोर, त्यांच्याच स्वयंपाकघरात. राग यायला हवा होता. त्यांनी वाट पाहिली, पण आला नाही. वहिनीच्या फोन धरलेल्या हाताचं मनगट त्यांना दिसत होतं, बांगडी भरेल इतकं मांस त्यावर आता उरलं नव्हतं. त्या पुढे झाल्या आणि फोनच्या जवळ तोंड नेऊन मोठ्यानं म्हणाल्या:

"खरं आहे रे आई म्हणते ते. मला दिसतं रक्त. रोज दिसतं. आज संडासात हात घालून बसले होते सकाळभर. एकट्या आईला मी आता आवरत नाही. तिनं तरी किती करायचं? तू येऊन माझी सोय बघ कुठेतरी. लगेच ये. नाहीतर उद्या काय करीन त्याचा नेम नाही."

फोनमध्ये कुठेतरी दिव्याचं बटण वाजलं.

"आई," भाचा म्हणाला, आणि आता त्याचा आवाज पूर्ण जागा होता, "मी निघतोय. मिळेल त्या विमानानं. तोवर आत्याला एकटीला सोडू नकोस. आणि आल्यावर तुम्हा दोघींनाही डॉक्टरकडे नेणार आहे. दोघींनाही."

वहिनीनं फोन ओट्यावर ठेवला. ती बराच वेळ वन्संकडे बघत होती. काही सुटतंय का, काही आत दडवलंय का, असं. असं कसं बघायचं असतं हे वन्संना चांगलं ठाऊक होतं, पण कुणी त्यांच्याकडे असं बघायची ही पहिलीच वेळ. त्या हलल्या नाहीत. बघू दिलं.

"लबाड आहात," शेवटी वहिनी म्हणाली. "आता तो घर काढणार. तुमची सोय बघणार. जाणार कुठे तुम्ही?"

"आत्ता?" वन्संनी हातमोजे काढून ओट्याच्या कडेला ठेवले आणि साबण घेतला. "आत्ता तुझ्याबरोबर. त्या बाकापर्यंत नाही, आतपर्यंत. कपडे बदल."